अंगणात सावलीचं झाड: एप्रिल-मेमध्ये पान असलेलं आणि जुलैत न कोसळणारं

ओटीवरून:
दहिसरला बैठं घर आहे. पुढे अंगण, भिंतीपासून कुंपणापर्यंत २२ फूट आणि लांबीला ४० फूट. घराची लांब भिंत पश्चिमेकडे तोंड करून. दुपारी तीननंतर तापते ती रात्री दहापर्यंत गरमच. कुंपणाच्या पलीकडे गटार. उत्तरेच्या कोपऱ्यावरून साधारण १८ फूट उंचीवर विजेची तार गेलीय. वरची फूटभर माती बरी, खाली मुरूम. पावसात पाणी साचत नाही, पण दक्षिणेकडचा भाग उघडीप मिळाली तरी दोन-तीन दिवस ओला राहतो.

भिंतीवर आणि ओटीवर सावली हवी. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालायची तयारी आहे, पुढे झाडाने आपलं आपण जगावं. गुलमोहर, कडुनिंब आणि कदंब अशी तीन नावं पुढे आली आहेत. नर्सरीत १२ फुटी कदंब तयार आहे, लवकर वाढतो म्हणतात. पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवायचं आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पानगळ_नोंद:
झाडाचं नाव ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत त्या झाडावर पान असतं का? आपल्याकडे सावलीची गरज तेव्हाच. जुलैत हिरवंगार दिसणारं झाड एप्रिलमध्ये सांगाडा होणार असेल तर भिंत तापायची ती तापणारच.

या कसोटीवर तुमची तिन्ही नावं लावून बघा. गुलमोहर फेब्रुवारीपासून रिकामा व्हायला लागतो. मार्च-एप्रिलमध्ये नुसत्या काळ्या लांब शेंगा लटकलेल्या असतात. मग मेमध्ये फुलं आणि त्यांच्याबरोबर पालवी. म्हणजे उन्हाळ्याचा निम्मा काळ सावली नाही. कदंबही कोरड्या दिवसांत विरळ होतो. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतो, पण लगेच तांबूस पालवी फुटते आणि एप्रिलमध्ये डेरा परत भरलेला असतो. तिघांत या बाबतीत तोच बरा.

बाकीच्यांचं महिन्यांप्रमाणे सांगतो. ताम्हण थंडीत तांबडं होऊन गळतं, पण एप्रिलपर्यंत नवं पान येतं आणि मेमध्ये जांभळी फुलं. आपलं राज्यफूल आहे आणि उन्हाळ्यातली सावलीही देतं. मात्र ताम्हण मुळात ओढ्याकाठचं झाड, त्याला पाणी लागतं. बहावा एप्रिल-मेमध्ये फुलांनी झुंबरासारखा लटकतो, तेव्हाच त्याचं पान सर्वांत कमी. पांगारा, काटेसावर आणि आपला जुना शिरीष हे तिघेही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर उघडे. शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा खुळखुळाट ऐकू येतो तेव्हा त्याच्याखाली ऊनच असतं. गोरखचिंच तर वर्षातला मोठा काळ निष्पर्ण. ही सगळी झाडं सुंदर आहेत, लावावीत, पण मोकळ्या जागी. पश्चिमेच्या भिंतीसमोर नकोत.

वर्षभर पान टिकवणारी म्हणजे बकुळ, उंडी, पुत्रंजीवा, सीता अशोक, आंबा, कोकम, आणि जवळपास जांभूळ. करंज मार्चच्या आसपास गळतो, पण दोन-तीन आठवड्यांत पोपटी पालवी येते, इतकी तजेलदार की बघत राहावं. उन्हाळ्यापुरता तो सदाहरितच धरा.

मुरूम_माती:
वरचं सगळं मान्य. माझा मुद्दा उभं राहण्याचा आहे.

मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे. झाडाला दोन्ही सोसायचं असतं. चार महिने मुळं चिखलात, आठ महिने दगडासारख्या मुरमात. झाडं पडतात ती बहुतेक या दोन्हींच्या सांध्यावर: माती भिजून सैल झालेली, डेरा पानांनी जड आणि वर वाऱ्याचा झोत.

गुलमोहराची मुळं वरच्या थरात पसरतात आणि लाकूड ठिसूळ. तो मूळचा मादागास्करचा. सोनमोहर म्हणजे पिवळ्या फुलांचा पेल्टोफोरम, तोही फांद्या टाकण्यात पुढे. रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात पडलेल्या झाडांत ही दोन नावं नेहमी असतात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला, तेव्हा डेरे पूर्ण भरलेले होते. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीवर ज्यांची भिस्त त्यांनी हे लक्षात ठेवावं, वादळ मेमध्येही येतं.

कदंबाचं लाकूड मऊ. लवकर वाढणाऱ्या झाडांचं बहुतेक तसंच असतं. १२ फुटी कदंब १० इंची पिशवीत असेल तर त्याची मुळं पिशवीच्या आतल्या बाजूने गोल फिरलेली असणार. ती जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतात आणि पाच-सात वर्षांनी स्वतःच्याच बुंध्याला फास लावतात. वरून झाड धडधाकट दिसतं, एका पावसात मुळासकट आडवं. तेव्हा दिसतं की खाली घडीसारखा मुळांचा गुंडाळा आहे, पसरलेलं एकही मूळ नाही.

तुमच्या जागेला माझं मत: करंज.

बकुळगंध:
करंजाला हरकत नाही, पण इतकं छान अंगण आहे तर बकुळ का नको? घट्ट गोल डेरा, पान वर्षभर, मुळं त्रास देत नाहीत, फुलं वाळली तरी वास जात नाही. छाटायचीसुद्धा फारशी गरज पडत नाही.

मुरूम_माती:
बकुळ उत्तम, फक्त ती सावकाश वाढते. पहिली चार-पाच वर्षं माणसाच्या डोक्याच्या आसपासच रेंगाळते. भिंतीवर सावली यायला दहा वर्षं धरावी लागतील. करंज बरी माती आणि पाणी मिळालं तर चार-पाच वर्षांत १५ फूट जातो. एकच झाड लावायचं तर करंज. जागा दोन झाडांची असेल तर दोन्ही.

आणखी एक: बकुळ आणि सोनचाफा यांना बांधकामाचा राडारोडा सोसत नाही. सिमेंट-चुन्याचे तुकडे मातीत असले की माती अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं की समजा. अशा वेळी वरून कितीही खत घाला, खालचा राडारोडा काढेपर्यंत फरक पडत नाही. करंजाला याचं फारसं काही वाटत नाही.

ओटीवरून:
धन्यवाद सगळ्यांना. करंजावर पानांना फोड येतात असं ऐकलंय, ते काय?

पानगळ_नोंद:
बरोबर ऐकलंय. अतिसूक्ष्म कोळी पानावर राहतात आणि पान त्यांच्याभोवती गाठी तयार करतं. पान हातात घेतलंत तर वरच्या बाजूला हिरव्या दाण्यांसारखे, काही ठिकाणी बोटासारखे लांबट उंचवटे दिसतात. स्पर्शाला खरखरीत. दिसायला वाईट, पण झाडाचं काही बिघडत नाही, सावलीही कमी होत नाही. फवारणी करू नका. रोप लहान असताना फारच जास्त असतील तर ती डहाळी कापून टाका, इतकंच.

दुसऱ्या बाजूने बघा, करंज शेंगवर्गातला आहे, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. भिकार मुरमात तो तग धरतो त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे खोल जाणारं सोटमूळ.

उन्हाचा_हिशेब:
जागा कुठे याचा हिशेब कुणी दिला नाही, तो देतो.

मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य बरोब्बर डोक्यावरून जातो. म्हणून मेमध्ये दक्षिणेच्या भिंतीला दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही, तापतात छप्पर आणि पश्चिमेची भिंत. छप्पर झाडाने झाकायच्या भानगडीत पडू नका, फांद्या छपरावर आणणं म्हणजे कौलं, पत्रे आणि पन्हळी यांचं नुकसान. भिंत मात्र झाडाने झाकता येते.

मध्य मे, दुपारी चार: सूर्य क्षितिजावर साधारण ४२ अंश, सावली झाडाच्या उंचीच्या १.१ पट. पाच वाजता २८ अंश, सावली जवळपास १.९ पट. आता समजा झाड भिंतीपासून १५ फुटांवर आणि उंची २० फूट. चार वाजता सावलीचं टोक २२ फुटांवर गेलं असतं, म्हणजे भिंतीवर ती सहा फुटांपर्यंत चढते. पाच वाजता बारा फुटांपर्यंत. बैठ्या घराची भिंत झाकली गेली.

मेमध्ये दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे कललेला असतो, तेव्हा सावली तीनेक फूट दक्षिणेला सरकते. ऑक्टोबरच्या उन्हात उलट, पाच-सहा फूट उत्तरेला. भिंतीचा जो भाग सर्वांत जास्त तापतो, खिडकी किंवा ओटी, त्याच्या बरोबर समोर झाड लावलं की दोन्ही काळ सांभाळले जातात. भरलेला डेरा १५-१८ फूट रुंद होतो, एवढं सरकणं त्यात मुरतं.

२२ फुटांत भिंतीपासून १४-१५ फूट आणि गटारापासून ७-८ फूट. ही जागा बरोबर आहे, आणखी जवळ नको.

वाडीतली:
गटाराला मुळं जाणार नाहीत का? आमच्याकडे सगळ्यांना हीच भीती असते.

मुरूम_माती:
मुळं चांगला पाइप फोडून आत जात नाहीत. पाइपाचा सांधा गळत असतो, आजूबाजूची माती ओली राहते, मुळं ओलीकडे जातात आणि त्याच फटीतून आत शिरतात. आत गेली की जाड होतात, सांधा आणखी उघडतो. जुन्या चिनी मातीच्या पाइपांत हे हमखास होतं, कारण तीन-तीन फुटांवर सांधा. म्हणून झाड लावायच्या आधी गळती बंद करा, मग झाडाला दोष द्यायची वेळ येत नाही.

वड, पिंपळ, उंबर यांचं वेगळं. त्यांची मुळं भिंतीच्या फटीत धरतात आणि भिंत उचलतात. अंगणात नकोतच. भिंतीत आपोआप उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा.

अंतराचा अंदाज: बकुळ, सीता अशोक अशा झाडांना भिंतीपासून १० फूट, करंज, कडुनिंब यांना १५, आंबा, जांभूळ यांना २५ च्या आत नको. पर्जन्यवृक्षाचं नाव इथे कुणी काढलं नाही ते बरं, त्याचा डेरा ६०-७० फूट जातो. शिवाय पिठ्या ढेकणाने मुंबईतले कित्येक पर्जन्यवृक्ष उभ्या उभ्या वाळून गेले. रस्त्यारस्त्यांवर एकच जात लावली की एक कीड सगळं घेऊन जाते. अंगणातही तीन झाडं लावायची तर तीन जाती लावा.

खारेवारे:
समुद्राजवळच्या लोकांसाठी लिहितो: गोराई, मनोरी, मढ, उत्तन, वेसावे. इथे वरची यादी जशीच्या तशी चालत नाही. खारा वारा पानांच्या कडा करपवतो आणि झाड वाऱ्याच्या उलट्या बाजूला झुकत वाढतं. आंब्याचा मोहोर जळतो, सोनचाफा कसाबसा जगतो.

पहिला मान उंडीचा. जाड, चकचकीत पान, बाराही महिने हिरवं, लाकूड चिवट, वाळूतही उभी राहते. वाढ संथ. फळं गोल आणि कडक, वाटेवर पडली की पायाखाली गोट्यांसारखी सरकतात, म्हणून पायवाटेपासून आठ-दहा फूट लांब लावा. फळ खाण्याचं नाही, लहान मुलांना सांगून ठेवा.

दुसरं भेंड, म्हणजे पारोसा पिंपळ. पिवळं फूल संध्याकाळपर्यंत तांबडं होतं. हे झाड जाड फांदी खोचली तरी जगतं, आणि घोळ तिथेच होतो. खोचलेल्या मेढीला सोटमूळ नसतं, मोठी झाल्यावर वाऱ्यात मुळासकट निघते. भेंड बियांपासून केलेलंच घ्या.

करंजही खाऱ्या वाऱ्यात टिकतो, खाडीकाठाला तो आपोआप उगवतो. देशी बदाम आडव्या मजल्यांसारखा पसरतो, सावली गार, पण वर्षातून दोनदा पानं झाडतो. प्रत्येक पान हाताच्या पंजापेक्षा मोठं, पन्हळ आणि गटाराची जाळी हटकून तुंबवतं. दर आठवड्याला झाडलोट होणार असेल तरच लावा.

वाऱ्याच्या बाजूला पहिली दोन वर्षं झावळ्यांचा किंवा पोत्याचा आडोसा करा, रोपापासून दोन फूट सोडून. एवढ्याने कोवळा शेंडा वाचतो.

मुरूम_माती:
आता लावणीचं सविस्तर, कारण निवड बरोबर करून खड्ड्यात चूक झाली तर काही उपयोग नाही.

आधी निचरा तपासा. दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर त्या जागी खड्डा करून लावू नका. मुरमातला खड्डा पावसात बादलीसारखा भरून राहतो आणि मुळं कुजतात. तिथे एक ते दीड फूट उंच, पाच-सहा फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावा.

निचरा बरा असेल तर तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा. मेमध्ये खणा आणि दोन आठवडे ऊन खाऊ द्या. बाजू पहारीने ओबडधोबड करा, सपाट गुळगुळीत बाजूला मुळं आत शिरायला जागा मिळत नाही. भरताना निम्मी त्याच जागेची माती, दगड आणि राडारोडा काढून. पाव लाल माती, पाव पूर्ण कुजलेलं शेणखत, वर एक-दीड किलो निंबोळी पेंड. सगळाच खड्डा खतमातीने भरायचा मोह टाळा. मुळं त्या मऊ मातीतच गोल फिरतात, बाहेरच्या मुरमात जायचं नाव घेत नाहीत. ओलं शेण तर मुळीच नको, त्याची उष्णता मुळांना भाजते आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागते.

रोप चार-सहा फुटांचं, खोड अंगठ्याएवढं जाड. बांबूची दोरी सोडून बघा, सरळ उभं राहिलं तर घ्या, झुकलं तर परत ठेवा. पिशवी उचलून तळ पाहा, बाहेर आलेली जाड मुळं म्हणजे रोप त्या पिशवीत फार दिवस राहिलंय. लावताना पिशवी पूर्ण काढायची. कडेने फिरलेल्या मुळांना धारदार सुरीने तीन-चार उभे छेद द्या.

लावणी जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला, दोन-चार चांगल्या सरी झाल्यावर. पहिल्या वळवाच्या सरीवर घाई करू नका, मध्ये दहा दिवस कोरडे गेले तर रोप उन्हात सापडतं. भरलेली माती पहिल्या पावसाळ्यात तीन-चार इंच बसते. म्हणून रोप जमिनीपेक्षा तेवढंच वर लावा. खोड आणि मुळं जिथे मिळतात तो भाग मातीखाली गेला की साल कुजते, आणि हे दोन-तीन वर्षांनी कळतं.

आधाराला दोन बांबू, रोपापासून फूटभर लांब, मुळांच्या गोळ्याबाहेर. काथ्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास, खोड थोडं हललं पाहिजे. वाऱ्यात हललेलं खोडच जाड होतं. दीड वर्षाने बांबू काढा. तार, नायलॉनची दोरी नको, साल कापते.

बकुळगंध:
पाण्याचं मी लिहिते. रोज तांब्याभर पाणी घालणं ही सर्वांत मोठी चूक. वरची दोन इंच माती ओली होते, मुळं वरच राहतात, आणि एक आठवडा गावाला गेलात की झाड कोमेजतं. थोड्या दिवसांनी, पण भरपूर घाला.

पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर तीन-चार दिवसांनी २० लिटर, मार्च ते मे एक दिवसाआड २० लिटर. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून दोनदा ३०-४० लिटर. तिसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. करंज आणि कडुनिंबाला त्यापुढे गरज नाही, बकुळीला चौथ्या उन्हाळ्यातही अधूनमधून द्या.

वीस लिटरच्या जुन्या रंगाच्या डब्याच्या तळाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा आणि आळ्यात ठेवा. तासाभरात सगळं पाणी खोल मुरतं, वाहून जात नाही. आळं खोडाला चिकटून नको, जसजसा डेरा वाढेल तसं आळं बाहेर सरकवा, पाणी पिणारी मुळं डेऱ्याच्या कडेखाली असतात. आळ्यात तीन इंच पालापाचोळा, खोडाभोवती चार बोटं मोकळी सोडून. तो जाळू नका, गोळा करून टाकू नका. ती झाडाची चादर आहे.

मधला_जिना:
सोसायटीच्या आवारासाठी विचारतो. सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि खाली गाड्या. काय लावावं?

छाटणीकर:
झाडाआधी जागा मोकळी करा. खोडाभोवती निदान तीन फूट बाय तीन फूट ब्लॉक काढलेले हवेत, चार असतील तर उत्तम, आणि ब्लॉकखाली काँक्रीटचा थर असेल तर तोही फोडायचा. नुसते ब्लॉक काढून खाली काँक्रीट ठेवलं तर ती मोठी कुंडीच झाली.

गाड्यांवर काय पडतं ते पाहून निवडा. आंब्यावर तुडतुड्यांचा चिकटा, त्यावर काळी बुरशी, काच रोज धुवावी लागते. जांभळाचा डाग रंगावर बसतो, आणि त्याच्या फांद्या दिसतात त्यापेक्षा कच्च्या. नारळ, फणस, कैलासपती गाड्यांवर कधीच नको, कैलासपतीचं एक फळ तोफगोळ्याएवढं. सप्तपर्णीचा वास ऑक्टोबरपासून इतका उग्र की दम्याच्या लोकांना खिडक्या लावून बसावं लागतं. बकुळ, पुत्रंजीवा, करंज ही गाड्यांजवळ चालतात. करंजाची फुलं सडा घालतात, पण झाडली की गेली. खोटा अशोक ओळीने लावून सावलीची वाट पाहणाऱ्या सोसायट्या खूप आहेत. तो खांब आहे, त्याची सावलीही खांबाएवढीच पडते.

आता छाटणी. पहिल्या पाच वर्षांत एकच सरळ शेंडा ठेवा. दोन शेंडे सारख्या जाडीचे निघाले आणि मध्ये अरुंद खाच झाली की पुढे वादळात झाड तिथेच चिरतं. एक शेंडा अंगठ्याएवढा असतानाच काढा. खालच्या फांद्या एकदम काढू नका, त्यांनी खोड जाड होतं. दरवर्षी थोड्या थोड्या करत सात-आठ फुटांपर्यंत खोड मोकळं करा.

मोठी फांदी कापताना तीन काप. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालून, एकतृतीयांशपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, फांदी पडेपर्यंत. मग उरलेलं खुंट तिसऱ्या कापाने. फांदीच्या बुडाशी सालीची जी जाड गळपट्टी दिसते ती न दुखावता, तिच्या लगेच बाहेर. खोडाला सपाट कापलं तर जखम भरत नाही, खुंट ठेवला तर तो कुजून ढोली होते. कोयत्याने तोडलेली फांदी सालीची पट्टी ओढून नेते, करवत वापरा. एका वेळी डेऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त काढायचं नाही. एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या तर तोल दुसरीकडे जातो आणि भिजलेल्या मातीत झाड त्या बाजूला जातं.

बुंध्याला कंगोऱ्यांसारखी आळंबी दिसली तर आतलं लाकूड कुजतंय. डेरा कितीही हिरवा असो, लगेच तपासणी करून घ्या.

मधला_जिना:
छाटायला परवानगी लागते का, झाड आपल्याच आवारात असेल तरी?

छाटणीकर:
लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेलाही लागू आहे. स्वतः लावलेलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. वाळलेलं, धोकादायक असेल तरी आधी अर्ज. तुमच्या वॉर्डातल्या उद्यान खात्याकडे फोटो जोडून द्या, आणि मेची वाट न बघता फेब्रुवारीतच द्या. म्हणूनच लावतानाच विचार हवा, पंधरा वर्षांनी चूक दुरुस्त करणं आपल्या एकट्याच्या हातात राहत नाही.

वाडीतली:
करंज मोठा होईपर्यंत चार वर्षं भिंत तापतच राहणार. तोवर काही?

पानगळ_नोंद:
शेवगा. फांदी लावली की वर्षभरात दहा फूट जातो, सावली विरळ पण पश्चिमेचं ऊन चाळून येतं. करंजापासून सहा फूट तरी लांब लावा, दरवर्षी दहा फुटांवर उतरवा, नाहीतर ठिसूळ फांदी घरावर येते. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, अंगाला लागले की खाज. पहाटे ते खोडावर एकत्र असतात तेव्हाच साबणाचं पाणी मारा. करंज भिंतीएवढा झाला की शेवगा ठेवायचा की नाही ते बघा, पण काढायचा असेल तर त्यालाही तीच परवानगी. ती कटकट नको असेल तर भिंतीपासून दोन फुटांवर मांडव टाकून मधुमालती चढवा. भिंत आणि वेल यांच्यामध्ये हवा खेळती राहिली पाहिजे, भिंतीला चिकटवू नका.

ओटीवरून:
सगळ्यांचं वाचून आराखडा असा केलाय. ओटीच्या समोर, भिंतीपासून १५ फुटांवर करंज. दक्षिणेच्या ओल्या भागात ताम्हण की सीता अशोक? उत्तरेला तारेखाली काय? आणि भिंतीजवळ मधुमालतीचा मांडव. कदंब रद्द.

पानगळ_नोंद:
दक्षिणेला सीता अशोक. त्याला ओल आवडते, अर्धी सावली चालते, करंज वाढला की त्याला ती मिळेलच. ताम्हणाला पूर्ण ऊन लागतं, शिवाय तुमच्या अंगणात दोन मोठे डेरे एकमेकांत घुसतील. घेताना सीता अशोकच आहे ना ते बघा, अशोक म्हटलं की आसुपालव, म्हणजे तो खोटा अशोक, हातात देतात. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर समोरासमोर चार-सहा जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस होऊन मलूल लोंबते. आसुपालवाचं पान एकेकटं, लांब, कडा लाटांसारख्या.

शक्य झालं तर एक सकाळ भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. पूर्ण वाढलेलं झाड किती जागा घेतं हे नर्सरीतल्या पिशवीवरून कळत नाही.

उन्हाचा_हिशेब:
तारेखाली १२ फुटांच्या वर न जाणारं काहीतरी. पेरू छाटून ठेवता येतो, नाहीतर कुंती. तारेपासून निदान चार-पाच फूट मोकळं राहिलं पाहिजे, भिजलेली फांदी तारेला टेकली तर झाडाला हात लावणाऱ्यालाही झटका बसू शकतो.

मुरूम_माती:
करंजाचा खड्डा या आठवड्यातच खणा म्हणजे ऊन पुरेसं मिळेल. आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते इथे कळवा. दोन फुटांतच कडक खडक लागला तर तीन फूट खोल जाण्याऐवजी पाच फूट रुंद करा आणि तळाला पहारीने चार-पाच ठिकाणी भोकं पाडा.

ओटीवरून:
आजच खणून बघितलं. १४ इंचांवर मुरूम, पण पहार आत जाते. पाणी भरून ठेवलंय, उद्या सकाळी किती उरलं ते लिहितो.